चेहऱ्यावर मोज

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला आली की आमचं गाव पांढरं होऊन जातं. धोतरं, सदरे, टोप्या, उपरणी, सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध शेतात रापलेले चेहरे. वर आषाढाच्या तोंडावरचं भरलेलं आभाळ, तेही पांढुरकंच. फोटो काढणाऱ्याची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही, आणि माझ्या हातात पहिल्यांदा कॅमेरा आला तो नेमका याच दिवसांत.

मामांनी पुण्याहून आणून दिलेला सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा होता तो. २००५ च्या आसपास आमच्यासारख्या घरात असा कॅमेरा असणं ही मोठी गोष्ट होती. दिवसभर फोटो काढले आणि रात्री कॉम्प्युटरवर उघडले. टोप्यांच्या शिवणी दिसत होत्या, पताकांच्या काठ्या दिसत होत्या, ढगांचे पदर दिसत होते. टोपीखालची माणसं मात्र दिसत नव्हती. कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा तेवढा अंधारातून वर आलेला. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून हसली होती, ते मला लख्ख आठवत होतं. फोटोत ते हसू कुठेच नव्हतं.

पेठेत एक जुना स्टुडिओ होता. त्याच्या मालकांना सगळं गाव काका म्हणायचं, मीही म्हणू लागले. कॅमेरा बिघडलाय का, एवढं विचारायला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी फोटो एकेक करून शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "बिघडलेला नाही गं. त्यानं त्याचं काम चोख केलंय. तुझं काम अजून सुरू व्हायचंय." मग थोडं थांबून विचारलं, "कॉम्प्युटर येतो का तुला?" मी बी.कॉम. झाले होते, डीटीपीचा कोर्स केला होता. पुढच्या सोमवारपासून मी त्यांच्या काउंटरवर बसू लागले. पगार बेताचा होता. पण त्या खुर्चीत बसून जे मिळालं, त्यावर माझं आजवरचं सगळं आयुष्य उभं आहे.

पहिला धडा स्टुडिओच्या पायरीवर झाला. दुपारची वेळ होती, ऊन समोरच्या दुकानांवर होतं आणि आमच्या बाजूला मोकळी सावली. काकांनी आतून एक पांढरं उपरणं आणि एक काळं घोंगडं आणलं. दोन्ही पायरीवर शेजारी शेजारी पसरलं आणि म्हणाले, "एकेकाचा फोटो काढ. चौकटीत दुसरं काही येऊ देऊ नकोस. सगळं कॅमेऱ्यावर सोड." मी काढले. मग त्यांनी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी लावायला सांगितले आणि विचारलं, "यातलं घोंगडं कुठलं?" मला ते फक्त लोकरीच्या विणीवरून सांगता आलं. पांढरं उपरणं राखाडी आलं होतं आणि काळं घोंगडंही राखाडी आलं होतं, जवळजवळ एकाच छटेचं.

कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. तो समोरून परत आलेला उजेड मोजतो आणि असं धरून चालतो की समोरचं जग सरासरीनं मधल्या राखाडी रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारं. झाडं, माती, रस्ता, माणसं अशी मिसळ समोर असली की हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पण चौकट पांढऱ्यानं भरली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो दाबतो. काळ्यानं भरली की उजेड कमी वाटतो, म्हणून तो फोटो उजळवतो. माझे वारकरी अंधारात गेले होते ते असे. मीटरनं टोप्या आणि आभाळ मोजलं, त्यांना राखाडी करायला गेला, आणि माणसं त्यात बुडाली.

काकांनी मग मला तेच फोटो पुन्हा काढायला लावले. उपरण्याला मीटर सांगतो त्याहून पावणेदोन स्टॉप जास्त, घोंगड्याला तेवढेच कमी. आता उपरणं उपरण्यासारखं पांढरं आलं आणि त्याचे उभे-आडवे धागे मोजता येत होते. घोंगडं काळं आलं आणि त्याची कुसं वेगवेगळी दिसत होती. काका धाग्यांवर बोट ठेवून म्हणाले, "पांढरं पांढरं दिसलं म्हणून खूश होऊ नकोस. धागा दिसला पाहिजे. काळ्यात केस दिसला पाहिजे." एक्स्पोजर बरोबर आलं की नाही याची याहून चांगली कसोटी मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

स्टॉप म्हणजे काय तेही त्यांनीच समजावलं, आणि जेजुरीच्या गडाच्या पायऱ्यांवरून समजावलं. एकेक पायरी चढायची, फक्त इथली प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. ॲपर्चर एफ आठवरून एफ साडेपाचच्या घरात आणलं की उजेड दुप्पट. शटर दोनशे पन्नासाव्या भागावरून सव्वाशेव्या भागावर आणलं की पुन्हा दुप्पट. आयएसओ दुप्पट केला तरी फोटो तेवढाच उजळतो, पण इथे एक मेख आहे. आयएसओनं सेन्सरवर जास्त उजेड पडत नाही, आलेला उजेडच वाढवून दाखवला जातो, आणि त्याबरोबर रवाही वाढतो. म्हणून आधी ॲपर्चर आणि शटर यांना विचारायचं, आयएसओकडे शेवटी जायचं. वारीत लोक चालत असतात. शटर फार सावकाश ठेवलं तर चेहरा उजळ पण हललेला मिळतो. अशा वेळी थोडा रवा पत्करावा, असं काकांचं मत होतं. माझंही तेच आहे.

काका फिल्मवर वाढलेले. फिल्मच्या खोक्यासोबत उन्हाचं कोष्टक छापून यायचं, ते त्यांना तोंडपाठ होतं. कडक उन्हात एफ सोळा, आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. म्हणजे शंभरच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा किंवा सव्वाशेवा भाग. ते आकाशाकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघायचे. स्वतःच्या सावलीची कड धारदार असली तर सोळा, कड मऊ झाली तर अकरा, सावली जेमतेम जाणवली तर आठ, सावलीच नसली तर साडेपाच. मी काउंटरवरून उठून बाहेर जायचे, सावली बघून आकडा सांगायचे, आणि मग कॅमेऱ्याचा मीटर काय म्हणतो ते पडताळायचे. हळूहळू आकडे जुळू लागले. मीटरवर विसंबणं आणि मीटरला ओळखणं यांतला फरक मला तिथे कळला.

त्यांनी दुसरी सवय लावली ती तळहाताची. माणसांचे चेहरे वेगवेगळ्या रंगांचे असतात, पण तळहातांत तेवढा फरक नसतो. गर्दीत, घाईत, जिथे चेहऱ्याजवळ जाऊन मोजता येत नाही तिथे आपला तळहात त्याच उजेडात धरायचा आणि त्यावर मोजायचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की तळहात मधल्या राखाडीहून एका स्टॉपनं उजळ असतो. काका म्हणाले, "पुस्तकातला हात गोऱ्या माणसाचा. तू तुझा हात मोजून ठेव." मी मोजला. माझा एकापेक्षा थोडा कमी भरतो. आज इतकी वर्षं मी तो आकडा वापरते आहे.

त्यांच्या कपाटात ॲन्सेल ॲडम्सचं 'द निगेटिव्ह' होतं, पानं पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा. इंग्रजी वाचताना मी अडखळायचे. काका दुपारी गिऱ्हाईक नसलं की परिच्छेद परिच्छेद समजावून सांगायचे. ॲडम्सनं फ्रेड आर्चरबरोबर १९४० च्या सुमारास झोनची पद्धत बसवली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा छटा, मधली पाचवी, आणि मीटर ज्याच्यावर धराल त्याला तो पाचव्या झोनमध्ये नेऊन बसवणार. मग ते तिथेच राहू द्यायचं की वर-खाली न्यायचं, हे आपण ठरवायचं. ॲडम्सच्या 'मूनराइज, हर्नान्डेझ' या फोटोची हकिकत सांगताना काकांचा आवाज बदलायचा. न्यू मेक्सिको, १ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. गावाच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन, वर चंद्र, आणि ॲडम्सला त्याचा मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्याला पाठ होतं. त्यावरून त्यानं मनात हिशेब केला आणि एफ बत्तीसला एक सेकंद दिला. दुसरी प्रत घेण्याआधी ऊन क्रुसांवरून गेलं होतं. त्या निगेटिव्हचा खालचा भाग पातळच राहिला होता आणि प्रिंट काढायला ती फार त्रास देई, हेही काका सांगायचे. थोर माणसाचं एक्स्पोजरसुद्धा तडजोडच असते, आणि कुठे तडजोड करायची नाही हे त्याला ठाऊक असतं, असं ते म्हणायचे.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र मला स्वतःला लागली. ॲडम्सच्या तक्त्यात गोऱ्या माणसाची उन्हातली त्वचा सहाव्या झोनमध्ये आहे आणि सावळी त्वचा पाचव्यात. म्हणजे मीटरची ती मधली छटा आमच्यासारख्यांच्या चेहऱ्यांच्या जवळची आहे! सावळ्या गालावर धरलं तर मीटर जे सांगतो ते बहुतेक वेळा जवळपास खरं असतं, फार काळा रंग असला तर थोडं कमी करायचं. गडबड करतात ते भोवतीचे पांढरे कपडे आणि आभाळ. काकांचं एक वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकत आले: "चेहऱ्यावर मोज. बाकीचं चेहऱ्याच्या मागून येईल."

हे वाक्य माझ्यापर्यंत खोलवर पोचलं ते एका वेगळ्या कारणानं. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आईनं दुसऱ्या गावातल्या एका स्टुडिओत नेऊन माझा फोटो काढून घेतला, कारण काकांकडे काढला तर गावभर होईल असं तिला वाटलं. "जरा उजळ काढा," ती तिथे म्हणाली. त्यांनी पावडर लावली, दिवे जवळ आणले, वरून कॉम्प्युटरवर आणखी उजळवलं. फोटोत माझं कपाळ आणि नाकाचा शेंडा कागदासारखे कोरे झाले होते. गालाला गोलाई नव्हती. फोटो चार घरी गेला. एका घरून मंडळी आली, चहा झाला, आणि निघताना त्यांच्यातली एक बाई आईला हळूच म्हणाली, "फोटोत वेगळी वाटली होती." आई त्या रात्री जेवली नाही.

मी हे काकांना सांगितलं नव्हतं. फोटो त्यांच्या हाती कसा पडला ते मला माहीत नाही. पण एके दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, आमच्या वाड्यावर." त्यांच्या ओसरीवर मला दाराच्या थोडं आत उभं केलं. समोर शहाबादी फरशीचं अंगण, त्यावर दहाचं ऊन. ते ऊन फरशीवरून उसळून खालून वर येत होतं आणि डोळ्यांखालच्या सावल्या भरत होतं. मला तो उजेड हनुवटीखाली उबेसारखा जाणवत होता. काकांनी स्पॉट मीटर माझ्या गालावर धरला, आकडा बघितला, काहीही बदललं नाही आणि फोटो काढला. प्रिंट आईला दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमची पोर अशीच दिसते." काकांनी पैसे घेतले नाहीत. "मुलीचा रंग मी बदलत नसतो, वहिनी," ते म्हणाले. "उजेड बरा शोधतो."

त्या फोटोमुळे माझं लग्न जमलं असं मी म्हणणार नाही. ते पुढे ओळखीतून जमलं. त्या फोटोनं दुसरंच काहीतरी केलं. माझ्या रंगात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, त्याला फक्त नीट मोजायला हवं, हे मला कोणी शब्दांनी सांगितलं असतं तर पटलं नसतं. ते मला १८ टक्के राखाडीच्या हिशेबातून पटलं.

पुढे वाचताना कळलं की ही गोष्ट माझ्या एकटीची नव्हती. कोडॅकनं लॅबना रंग जुळवायला जी नमुन्याची कार्डं दिली त्यांवर वर्षानुवर्षं गोरी स्त्री असायची, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. लॅबमधला माणूस तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर आहे असं मानायचा. काळ्यासावळ्या रंगांतले बारकावे फिल्मवर नीट उतरावेत म्हणून पुढे सुधारणा झाल्या, पण त्यांना निमित्त झाल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी, असं लॉर्ना रॉथ या संशोधिकेनं दाखवून दिलं आहे. हे वाचून मला राग आला. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच मी लॅबवाल्याला प्रत्येक वेळी पहिल्या पानावर नवरीचा एक बरोबर प्रिंट लावून पाठवायचो. त्याच्याकडे नमुना कुणाचा असायचा हे मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच दिसायचं की आपली माणसं लाल नाहीतर राखाडी येतात."

काका मला लग्नांना नेऊ लागले. बायकांच्या खोलीत, हळदीच्या वेळी, नवरीची तयारी चालू असताना त्यांना आत जाता यायचं नाही. ते फोटो माझ्यावर आले. गुलाबी आणि हिरव्या कापडाच्या मांडवाखाली उजेड कापडाचा रंग घेऊन येतो, पिवळ्या अष्टपुत्रीवर आणि पांढऱ्या मुंडावळ्यांवर मीटर भलतीकडेच जातो. मी गालावर मोजायचे, तो आकडा धरून ठेवायचे आणि मॅन्युअलवर काम करायचे. "जरा उजळ काढा हं," असं नवरीकडचं कोणी ना कोणी म्हणतंच. त्यावर मी वाद घालत नाही. खिडकी शोधते.

डिजिटलच्या बाबतीत मात्र काकांना माझ्याकडून काही घ्यावं लागलं, आणि ते त्यांनी ज्या मोकळेपणानं घेतलं त्याचंही ऋण माझ्यावरच आहे. फिल्मच्या निगेटिव्हला त्यांचा नियम होता, सावलीसाठी मोज, उजेडाची बाजू निभावते. कॅलेंडरच्या कामासाठी ते स्लाइड वापरत, तेव्हा नियम उलटा, कारण स्लाइडमध्ये पांढरं जळलं की जळलं. डिजिटल या बाबतीत स्लाइडच्या जातीचं आहे. सेन्सरवरचा एखादा ठिपका भरून गेला की त्यावर कितीही उजेड पडो, नोंद तेवढीच. जेपेगमध्ये तो आकडा २५५. उपरण्याचे धागे सगळेच २५५ झाले की ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही. दबलेला फोटो थोडाफार वर काढता येतो, पण सावलीत रवा उगवतो.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर मी फार विश्वास ठेवायचे. उन्हात तो पडदा अंधारलेला दिसतो आणि रात्री मांडवात गरजेपेक्षा उजळ, त्यामुळे त्यावरून ठरवलेलं एक्स्पोजर घरी येऊन चुकतं. हिस्टोग्राम बघायला मी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेवरून शिकले. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि मधल्या डोंगराची उंची म्हणजे त्या छटेचे ठिपके किती. काकांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून एकदाच नीट पाहिलं. "म्हणजे ॲडम्सचे झोन आडवे मांडलेत," ते म्हणाले, आणि लगेच विचारलं, "मग डोंगर कुठे असावा?" मी म्हटलं, मध्यभागी. ते म्हणाले, "घोंगड्याचा डोंगर मध्यभागी कसा असेल?" यावर मला दुसरं काही सांगावं लागलं नाही. वारीचा डोंगर उजवीकडेच हवा, गाभाऱ्यातला डावीकडे.

पुढे रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये, काम करू लागल्यावर 'उजवीकडे सरकवून' फोटो काढायची पद्धत मी शिकले. कॅनडातल्या मायकल राइकमन या छायाचित्रकारानं फोटोशॉपच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या थॉमस नोल यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून २००३ साली ती मांडली. बारा बिटच्या रॉमध्ये ४०९६ पायऱ्या असतात आणि सेन्सर उजेड सरळ हिशेबानं मोजत असल्यामुळे त्यांतल्या निम्म्या, २०४८, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला जातात. म्हणून पांढरं जळणार नाही इतपत फोटो उजवीकडे न्यायचा आणि नंतर खाली आणायचा, की सावल्या स्वच्छ राहतात. स्थिर वस्तूंसाठी, जुन्या पोथ्यांची पानं टिपताना मी आजही हेच करते. दिंडीत नाही करत. ढगातून ऊन अचानक उतरतं आणि राखून न ठेवलेली जागा एका क्षणात संपते.

जेजुरीनं मला हिस्टोग्रामवरही डोळे झाकून विसंबू नये हे शिकवलं. सोमवती अमावास्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा हवा, दगड, माणसं, सगळं पिवळं होतं. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात हिस्टोग्राम एकच दिसायचा, उजेडाचा. तो व्यवस्थित होता, उजवीकडे जागा होती. तरीही घरी आल्यावर भंडाऱ्याच्या जागी नुसता सपाट पिवळा डाग. हवेत उडालेली भुकटी, तिचे लोट, दाट-विरळ काही नाही. हळदीच्या पिवळ्यात निळा जवळजवळ नसतो, लाल भरपूर असतो. सरासरी हिस्टोग्राम ठीक दिसत असताना रेड चॅनल एकटा भरून गेला होता. हे उमगायला मला बराच काळ लागला, आणि उमगलं तेही काकांच्या "पिवळं कशाकशाचं बनतं ते बघ" एवढ्या एका सूचनेवरून. आता तिन्ही चॅनल वेगवेगळे दाखवणारा कॅमेरा आहे. भंडारा असो, जोतिबाचा गुलाल असो, नवरीचा लाल शालू असो, मी आधी लाल बघते.

मधल्या काळात काकांना मोतीबिंदू झाला. पडद्यावरचं त्यांना धुरकट दिसू लागलं आणि ते कामाबद्दल कमी बोलू लागले. मी शेजारी बसून हिस्टोग्राम वाचून दाखवायचे. "उजवीकडे किती राहिलं?" ते विचारायचे. "अर्धा स्टॉप." "चेहरा कुठे?" "मध्याच्या जरा अलीकडे." "मग असू दे." एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते स्टुडिओत आले आणि ते जुनं पांढरं उपरणं मागून घेतलं. ते धरून आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, पुन्हा पहिला. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला ते पिवळसर दिसत होतं. "इतकी वर्षं मी याला पांढरं म्हणत होतो," ते म्हणाले. मग मला म्हणाले की गेल्या काही वर्षांतले प्रिंट काढ, रंग पुन्हा तपासू. दुपार आम्ही त्यातच घालवली. काही प्रिंट निळसर निघाले, ते त्यांनी बदलून द्यायला लावले, गिऱ्हाइकानं मागितले नव्हते तरी.

आता स्टुडिओ मी चालवते. काका घरी असतात. त्यांच्या माळ्यावर निगेटिव्हचे पत्र्याचे डबे होते, प्रत्येकावर साल आणि महिना. ते सगळं डिजिटल करायचं काम मी हाती घेतलं आहे. खालून सपाट पांढरा दिवा, वर निगेटिव्ह, त्यावर मॅक्रो लेन्स. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी असतो, त्यामुळे इथेही आधी लालच भरतो. फिल्मच्या कडेची कोरी पट्टी जळायच्या किंचित अलीकडे ठेवायची, की आतलं सगळं सुरक्षित. नव्या माणसाच्या हातची निगेटिव्ह असती तर दर दोन फ्रेमनंतर मला सेटिंग बदलावं लागलं असतं. काकांच्या रोलला मी एकदा एक्स्पोजर ठरवते आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत ते तसंच चालतं. मांडवातलं, ओसरीवरचं, वरातीतलं फ्लॅशचं, सगळ्यांची दाटी सारखी. पाठीमागे पडदा नाही, हिस्टोग्राम नाही, रोल धुऊन येईपर्यंत काही कळायची सोय नाही, आणि लग्न दुसऱ्यांदा लागणार नाही.

मी हे त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "उजेड बदलला की मी बदलायचो. त्यात काय एवढं." मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, कुठल्या सालापर्यंत आलीस.

८६ संपलं आहे. पुढचा डबा ८७ च्या वैशाखातला. त्यात माझ्या धाकट्या मावशीच्या लग्नाचा रोल असायला हवा. तिच्या आल्बमला वाळवी लागली आणि एकही फोटो उरला नाही, म्हणून तिनं दोनदा फोन करून ठेवला आहे.